घंटीवरची फुली

काकांनी बोटाला लावलेला मॉनिटरचा चिमटा पुन्हा उपटला आणि उशाशेजारचं ते यंत्र केकाटायला लागलं. खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी जळमटं काढायला काका स्टुलावर चढले होते. काकू नको नको म्हणत होत्या, तोवर ते खाली आलेसुद्धा, खांदा निखळवून. तेव्हापासून नुसते कण्हत होते. तातडीच्या विभागात आल्या आल्या दुखणं थांबवायचं जोरकस इंजेक्शन दिलं. त्याने भागेना म्हणून मघाशी दुसरं दिलं आणि त्याने गुंगी येईल म्हणून हा मॉनिटर लावला. खांदा भूल देऊनच बसवायचा होता आणि भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. ते मोकळे होईपर्यंत या खोलीत थांबायचं, एवढं काकूंना कळलं होतं.

सिस्टर धावत आली. मॉनिटरवर घंटीचं चित्र आणि त्यावर फुली असलेलं एक बटन होतं, ते तिने दाबलं. आवाज थांबला. चिमटा बोटाला लावून ती तशीच पळाली. जरा वेळाने पुन्हा तेच. त्यानंतर आली तेव्हा तिच्या बाहीवर रक्ताचे डाग होते. बाहेर एका उलटलेल्या बसमधले जखमी येत होते.

"काकू, काका सारखा चिमटा काढतायत ना, म्हणून हे वाजतंय. घाबरू नका. हे बटन दाबायचं आणि चिमटा नीट बसवायचा. जमेल?"

"न जमायला काय झालं? घरातली सगळी यंत्रं मीच चालवते. यांना अजून टीव्ही लावता येत नाही."

सिस्टर हसली. "मग झालं तर," म्हणाली आणि गेली.

काकूंनी खुर्ची मॉनिटरजवळ ओढली. वाजला की त्या उठत, बटन दाबत, चिमटा चाचपून बसवत. हळूहळू काकांचा हात शांत झाला. कण्हणंही विरलं.

"अहो, दुखतंय का अजून?"

"बरंय," काका म्हणाले. जीभ जड झाली होती. मग त्यांचे डोळे मिटले आणि ते घोरायला लागले.

काकूंनी सुस्कारा सोडला. त्या घोरण्यावरून त्यांनी आयुष्यभर काकांची खिल्ली उडवली होती. आज ते कानाला गोड लागत होतं.

मॉनिटर वाजला. काकूंनी झटकन बटन दाबलं आणि चिमटा पाहिला. तो जागच्या जागी होता. तरी त्यांनी काढून पुन्हा लावला. पडद्यावरचा निळा आकडा आता लाल झाला होता आणि मघापेक्षा कमी दिसत होता. पण आकडे तर आल्यापासून खाली-वर होतच होते. कुठला आकडा किती असावा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा वाजला. पुन्हा बटन दाबलं. आता तो दम खायला तयार नव्हता. काकूंनी दारातून डोकावून पाहिलं. बाहेर स्ट्रेचरला स्ट्रेचर लागलं होतं, कुणीतरी रडत होतं, सिस्टर एका बाईच्या छातीवर दाब देत होती. एवढ्याशासाठी हिला कुठे हाका मारायच्या? काकू परत आल्या.

या खेपेला त्यांनी बटन दाबून धरलं. पडद्यावर काहीतरी इंग्रजीत प्रश्न आला. खाली दोन चौकोन होते. काकूंनी हिरव्यावर बोट टेकवलं.

आवाज बंद झाला, तो झालाच. पडद्याच्या कोपऱ्यात फुली मारलेली घंटी तेवढी उरली.

"बरं केलंत हो," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "डोकं उठलं होतं नुसतं."

काकूंना बरं वाटलं. त्यांनी मधला पडदा ओढून घेतला. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, बाबा कसे आहेत?"

"गाढ झोपलेत गं," काकू कुजबुजल्या. "सकाळपासून पहिल्यांदा. त्या मशीनलाही झोपवलंय मी."

लेक हसली. "आई, तू म्हणजे ना! मी निघालेय, पोचतेच."

फोन ठेवला तेव्हा घोरणं मधूनमधूनच येत होतं. एक लांबलचक घरघर, मग काहीच नाही, मग पुन्हा एक. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. गार लागला. एसीचा त्रास होत असणार. नखंही निळसर पडली होती. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली, हात आत सरकवला आणि कडा खाली खोचल्या.

मग घोरणं थांबलं. खोली इतकी शांत झाली की काकूंनाही पेंग आली.

पडदा सर्रकन बाजूला झाला. हिरव्या टोपीतले एक डॉक्टर आत आले. भूल देणारे ते हेच. "चला, खांदा बसवून टाकू," असं काहीतरी म्हणत त्यांनी सवयीने मॉनिटरकडे पाहिलं आणि ते मधेच थांबले. एका झेपेत खाटेशी आले, चादर ओरबाडून काढली, काकांच्या छातीवर तळवा ठेवला. तळवा हलला नाही.

"सिस्टर!" ते ओरडले. "सिस्टर, इकडे! लवकर!"

बाहेरून धावती पावलं जवळ आली. कसलीशी गाडी खडखडत आली. काकू ताडकन उठल्या आणि दोन्ही हात पसरून खाटेपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"अहो, जरा हळू!" त्या दबल्या आवाजात डॉक्टरांवर डाफरल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."