ती काय सांगत होती

"काय सांगत होती ती?" सहदेव मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"ते मला कसं कळनार, मास्तर? जपानीत सांगत होती."

मास्तरांनी पेन वहीत आपटलं. महाडहून पोलादपूरपर्यंत एस.टी. आणि तिथून पुढे दीड कोस चिखल तुडवत ते या महिन्यात चौथ्यांदा हैबतीच्या पडवीत येऊन बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. वहीत अजून अर्धं पानही झालं नव्हतं.

येत्या बुधवारी, सहा ऑगस्टला, महाडात अणुबाँबच्या विरोधात सभा होती. मुंबईहून वक्ते यायचे होते. हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलेला माणूस आपल्याच भागात आहे, असं मास्तरांनी सभेच्या समितीला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याची हकीकत आपण लिहून देऊ आणि तो सभेत वाचेल, हेही कबूल करून बसले होते.

माणूस होता, हे खरं. लढाई संपल्यावर हैबतीची मराठा पलटण जपानात पहाऱ्यासाठी गेली होती. हिरोशिमाजवळच्या एका बंदरात, गोदामाच्या फाटकावर तो आठ महिने उभा होता. पण खुद्द शहर त्याने एकदाच, लष्करी ट्रकमधून जाताना पाहिलं होतं. त्याबद्दल तो पहिल्या खेपेला जे बोलला, तेच चौथ्या खेपेलाही बोलला.

"सपाट होतं. घरं नसल्यानं पल्याडचे डोंगार दिसत होते. एका जागी तीन-चार नळ नुसतेच उभे होते. त्यांतनं पानी गळत होतं."

"सभेत नळांचं सांगू?" मास्तर वैतागून म्हणाले होते.

"दिसलं ते सांगितलं."

मग त्या बाईचा विषय निघाला. रोज दुपारी ती फाटकाजवळ येऊन बसायची. वयानं हैबतीच्या मावशीएवढी. तिच्या डाव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती. ती घटकाभर त्याच्याशी बोलायची. मधेच जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा धरून कुणाची तरी उंची दाखवायची. कधी हसायचीसुद्धा. हैबतीला त्यातला हिरोशिमा हा एकच शब्द ओळखू यायचा. तो मान हलवायचा. पाच महिने हे असं चाललं होतं.

मास्तरांना हवी होती ती हकीकत हीच होती, आणि नेमकी तीच या माणसाजवळ नव्हती.

शेवटी मास्तरांनी पिशवीतून दुमडलेला कागद काढला. गेल्या रविवारी घरी बसून, वर्तमानपत्रांतली कात्रणं समोर ठेवून, त्यांनी मजकूर तयार केला होता.

"ऐका. 'त्या माउलीने माझा हात धरला आणि ती म्हणाली, बाळा, त्या सकाळी आभाळच पेटले. माझी चार लेकरे माझ्या डोळ्यांदेखत...'"

"चार कुठनं आली?"

"बरं, दोन लिहितो."

"दोनबी नको. मला ठाव नाय किती ते."

"हैबतराव, ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायला हवा. लोक मैलोन् मैल चालत येणार आहेत."

"मग तुमच्या नावानं वाचा. तिनं माझा हात कधी धरला नाय."

आत भाकऱ्या थापणारी हैबतीची बायको बनुबाई या दर खेपेच्या हुज्जतीला कंटाळली होती. ती दारातून म्हणाली, "अवो, लिवू द्या की त्यांस काय लिवायचं ते. ती बाय काय हितं ऐकायला येनार हाय?"

 हैबती मांडीवर सुंभ वळत राहिला.

मास्तरांचा संयम सुटला. "कमाल आहे तुमची. एक बाई पाच महिने रोज तुमच्यापुढे जीव ओतते. असल्या माणसांचा शब्दन् शब्द जगाला कळायला हवा. आणि तुम्ही नंदीबैलासारखी नुसती मान हलवत राहता. कुणा जाणत्याला बोलवावं, असं एकदाही मनात आलं नाही? एवढ्या मोठ्या छावणीत एक दुभाष्या नव्हता?"

हैबतीचा हात थांबला.

"होता," तो म्हणाला.

मास्तर पुढे सरकले. चार खेपांत हे पहिल्यांदाच निघालं होतं. "मग?"

"मलाबी तुमच्यासारखंच वाटलं. ही येवढी बोलतेय, कुनाला तरी उमजाय हवं. सायबाची परवानगी काढली नि घेऊन गेलो त्याला. त्यांच्यातलाच होता, चांगला शिकलेला. गरीब सभावाचा. तुमच्यावानी वही घेऊन तिच्यासमोर बसला. तिच्या भाषेत हळू काय तरी म्हनला. सांग बाय, असंच म्हनला असंल."

"मग काय सांगितलं तिनं?" मास्तरांनी पेन उचललं.

"तिनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, लई येळ. मग उठली, कमरेत वाकून मला नमस्कार केला नि चालाय लागली. मी तिथं आनखी तीन महिने होतो, मास्तर. रोज दुपारी रस्त्याकडं बघायचो. परत आली नाय."

मास्तर गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिले. "पण का? तो तर तिच्याच मुलखातला होता ना?"

"त्याला कळत होतं," हैबती म्हणाला.