दुसरी डबी

भागीबाईने डब्यावरचं सागाचं पान उचललं आणि ज्योत्स्नाने कपाळाला हात लावला. आत चार वर्षांच्या रोशनीची सकाळची शी होती, आणि तिच्यावर चुलीतली राख. चांगली दोन मुठी, सढळ हाताने घातलेली.

"तुझा खोळंबा नको म्हणून मीच काढून ठेवली," भागीबाई, रोशनीची आजी, म्हणाली.

"अहो आजी, राख कशाला घातली?"

"मग काय उघडी ठेवू? माश्या बसतात."

खरंच होतं तिचं. उभ्या जन्मात या बाईने पोराची शी राख टाकल्याशिवाय उचलली नव्हती. आजच कशी उचलेल?

ज्योत्स्ना ही पाड्याची आशाताई. आठ दिवसांपूर्वी रोशनीचा डावा पाय एकाएकी लुळा पडला. घरचे म्हणाले, कुठे आपटली असेल. ज्योत्स्नाने पाय हातात घेऊन पाहिला आणि तिथूनच पेठच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर येऊन गेले, पाय हळूहळू सुधारेल म्हणाले. पण पोलिओ आपल्या देशातून गेला तरी असा पाय दिसला की तो परत आलेला नाही याची खात्री करावी लागते. त्यासाठी पोराची शी दोनदा तपासायची, मध्ये एक दिवस सोडून. परवाची डबी बर्फात गेली. आजची राखेत गेली, आणि राख लागलेली शी तपासून उपयोग नाही.

बाहेर मुकादम सुनील पिकअपचा हॉर्न वाजवून वाजवून थकला. पाड्यावरची सगळी माणसं द्राक्षबागांच्या कामाला निघाली होती. रोशनीचा बाप काळू बोचकं घेऊन दारात आला.

"ताई, आता नाय थांबता येत. टोळी निघाली."

"कुठल्या मळ्यात जाताय?"

"निफाडकडं. मळा तिथं गेल्यावर कळंल."

निफाडकडे मळे किती, आणि त्यात ही चिमुरडी कुठे शोधायची? भागीबाईचा चेहरा एवढासा झाला. "माझ्या हातानं वाटोळं झालं," ती पुटपुटली.

ज्योत्स्नाने बर्फाचा निळा डबा उचलला, पिशवीत दुसरी कोरी डबी आहे ना ते पाहिलं आणि सरळ पिकअपमध्ये चढली.

"ताई, तुम्ही कुठं?" सुनील चक्रावला.

"रोशनीला येईल तिथपर्यंत."

अठरा माणसं, भांडीकुंडी, दोन कोंबड्या, आणि सगळ्यांचं लक्ष एका पोरीच्या पोटाकडे. भागीबाई तिला पपई भरवत होती, एक फोड संपली की दुसरी. करंजाळी मागे पडलं. काही नाही. म्हातारा भिका निळ्या डब्याकडे बघत होता.

"जाते कुठं ही शी?"

"मुंबईला, तपासायला. काही सापडलं तर दिल्लीला कळवतात. तिथून परदेशात. मग जगभरचे डॉक्टर कामाला लागतात."

भिकाने जरा विचार केला. "मी बापा निफाडच्या पुढं नाय गेलो कधी."

पिकअपभर हशा पिकला. रोशनीने लाजून आजीच्या पदरात तोंड लपवलं.

सावळघाटात तिने तोच पदर ओढला. भागीबाई ओरडली, तसा सुनीलने कच्चकन ब्रेक दाबला. मघाशी घाई करणारा हाच माणूस आता रस्त्यावर उभा राहून मागच्या ट्रकला हात दाखवत होता. बायकांनी दोन लुगडी धरून आडोसा केला. आत ज्योत्स्नाने स्वच्छ कागद पसरला. बाहेर बाकीची माणसं चिडीचूप उभी.

झालं एकदाचं. ज्योत्स्नाने चमच्याने डबी भरली, झाकण घट्ट लावलं, वर नाव आणि वेळ लिहिली. शेजारी बसलेल्या भागीबाईचा उजवा हात सवयीने मातीकडे गेला. तो तिने डाव्या हाताने धरला, आणि डबी बर्फात जाईपर्यंत सोडला नाही.

बघणाऱ्याला शिसारी यावी असलं काम, पण ज्योत्स्नाचा चेहरा असा, जणू पोरगी पहिल्या नंबराने पास झाली. खरं सांगायचं तर अशा बाईला पाहून मान आपोआप लवते.

ती पेठकडे जाणाऱ्या एस.टी.साठी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, डबा पोटाशी धरून. पिकअप सुरू झाली.

"काळूदादा," तिने तिथूनच हाक दिली, "दोन महिन्यांनी पाय परत बघायचा आहे. कुठं असाल?"

काळू गोंधळला. त्याला तरी कुठे माहीत होतं. तो मुकादमाला विचारायला वळला, तर भागीबाईने त्याचा दंड धरला.

"पत्ता नको शोधत बसू," ती म्हणाली. "शीच्या मागं ती घाटापर्यंत आली. पोरीच्या मागं नाय यायची?"