वाढीचा पाया

"चूक कुठे आहे तेवढी दाखवा, सर," हिलाल म्हणाला आणि मुलीचा जन्मदाखला त्याने दोन्ही हातांनी टेबलावर सपाट करून ठेवला.

वसंत सरांनी चष्मा लावला. दाखला वरपासून खालपर्यंत वाचला; मग पुन्हा वाचला. तेवढ्यात हिलालने सांगून टाकले की, या कागदापायी तो दोनदा शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी जाऊन आला, लूमवर चार खाडे पडले आणि ग्रामसेवक उलट त्यालाच हसला. आधारवर जे नाव, तेच दाखल्यावर आणि तेच शाळेत. मग दुरुस्त काय करू, तुझे डोके, असे म्हणाला. त्याच्यामागे अश्विनी उभी होती. तिच्या बोटांच्या टोकांवर वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा होता.

गुजरातेतल्या भेस्तानच्या त्या मराठी शाळेत गेल्या साली आठवीला चोवीस मुले होती. डिसेंबरात शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायचे होते. शेवटच्या दिवशी सरांनी बारा मुलांना उभे केले आणि त्यांच्या कागदांत नावाची चूक असल्यामुळे अर्ज जाणार नाहीत, असे सांगितले. अश्विनी त्या बारांपैकी एक. ही परीक्षा आठवीतच देता येते. दुसरी संधी नसते. शिष्यवृत्ती मिळाली तर नववी, नाहीतर आईशेजारी बसून साड्यांवर खडे चिकटवायचे, हे तिच्या घरी आधीच ठरले होते. जूनपासून ती खडे चिकटवीत होती. दाखला दुरुस्त झाला तर सर काहीतरी मार्ग काढतील, एवढ्या आशेवर बाप-लेक आज आले होते.

ती गणितात मंद होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती एकच चूक वारंवार करी. ऐंशीचे शंभर झाले, तर वाढ किती टक्के? ती वीस म्हणे. वाढ वीस हे खरे. पण ती वीसची वाढ ऐंशीवर मोजायची, शंभरावर नव्हे. म्हणून उत्तर पंचवीस. पुस्तकात त्या ऐंशीला मूळ संख्या म्हटले होते. सर त्याला पाया म्हणत. वाढ बघून हुरळू नका, आधी पाया विचारा, हे त्यांचे वर्षभराचे सांगणे होते. उत्तर फळ्यावर लिहिल्यावर मुलाने वळून "बरोबर आहे का, सर?" असे विचारायचे, हा त्यांच्या वर्गाचा नियम होता. अश्विनीने तो वर्षभर पाळला, आणि वर्षभर तिला एकच उत्तर मिळाले: पुन्हा कर.

सरांनी चष्मा काढला.

"मुदत डिसेंबरातच संपली," ते म्हणाले. "आता दाखला निर्दोष असून उपयोग नाही."

हिलालने मान हलवली. वाद घालण्याची त्याला सवय नव्हती, सरांना होती. निकाल सुधारला नाही तर ही शाळा शेजारच्या गुजराती शाळेत विलीन करू, असे पत्र मागच्या वर्षी आले, तेव्हा त्यांनी त्याला नऊ पानी उत्तर पाठवले होते. त्या नऊ पानांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. शाळा वाचली ती मात्र त्या पानांमुळे नव्हे. ती कशामुळे वाचली, ते भिंतीवरच्या नव्या फलकावर लिहिले होते: "शिष्यवृत्ती परीक्षा. निकालात शंभर टक्के वाढ." खाली उत्तीर्णांची नावे आणि त्याखाली बारीक अक्षरांत, बारांपैकी सहा. आकडा अर्धवट लिहिणे सरांना कधीच मान्य नव्हते. शेजारी आधीच्या वर्षाचा फलक अजून तसाच होता: चोविसांपैकी सहा.

दाखल्याची घडी घालता घालता हिलालने फलक वाचला.

"शंभर टक्के? म्हणजे सगळीच पास झाली म्हणा की."

सरांनी समजावले की, निकाल शंभर टक्के नव्हे, निकालातली वाढ शंभर टक्के. पंचवीसचे पन्नास झाले. शंभर टक्के वाढ म्हणजे दुप्पट.

हिलाल आदराने हसला. "हां, हां. आमच्या कारखान्यात बी असंच होतं, सर. मोठा शेठ यायचा असला का मुकादम खराब लूम पाटीवरून पुसून टाकतो. राहिलेल्यांचा टका लगेच वर. शेठ खूश, मुकादम खूश."

तो हे गमतीने बोलला होता. सरांनी टेबलावरची पट्टी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

अश्विनी दोन्ही फलकांपुढे जाऊन उभी राहिली. डिंकाचे बोट टेकवत तिने एका फलकावरची नावे मोजली, मग दुसऱ्यावरची. नंतर फळ्यावर पायऱ्या लिहिताना म्हणायची सवय होती त्याच संथ सुरात ती म्हणाली,

"आधीच्या वर्षी परीक्षेला चोवीस, पास सहा. पंचवीस टक्के. आमच्या वर्षी परीक्षेला बारा, पास सहाच. पन्नास टक्के."

सरांनी दाराकडे पाहिले.

"पास झालेल्यांत वाढ शून्य. पाया तेवढा निम्मा केला. काढलेले बारा आम्ही."

मग नियमाप्रमाणे ती वळली.

"बरोबर आहे का, सर?"