पहिला गिअर टाकला की

पहिला गिअर पडला, क्लच सुटला आणि गाडीने पुन्हा तेच केलं. ॲक्सिलरेटरवर पायही नसताना इंजिन बोंबलायला लागलं. वुकोमानने चावी फिरवून गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"मेली! न्यूट्रलमध्ये कशी गरीब गाय असते. गिअर टाकला की अंगात येतं हिच्या!"

"कार्बोरेटर," अक्रोडाखाली खुर्ची टाकून बसलेले तिहोमिर म्हणाले.

"धुतला, कूम. तुम्ही सांगितलंत म्हणून पुन्हा एकदा धुतला."

"मग ॲक्सिलरेटरची तार."

"तारही नवी घातली."

"नीट घातली नसशील," म्हणत तिहोमिरनी राकिया दारूचा घोट घेतला.

वुकोमानने दात आवळले. दुसरं कुणी असं बोललं असतं तर हातातला पाना त्याच्या दिशेने गेला असता. पण हे पडले कूम. वुकोमानच्या लग्नात साक्षीला उभे राहिलेले, त्याच्या पोरांची नावं ठेवलेले. आमच्या सर्बियात माणूस बापाशी भांडेल, पाद्र्याशी भांडेल, पण कुमांपुढे मान खाली.

सोमवारी सकाळी त्याच्या बायकोच्या, स्तामेनाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, निश शहरातल्या इस्पितळात. मोतीबिंदूने बिचारीला एकाचे दोन दिसायचे. कप कुठला खरा ते चाचपून ठरवायची. ही तारीख मिळता मिळता वर्ष गेलं होतं. हुकली की परत रांगेच्या शेपटाला. गावातली पहिली बस इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत डॉक्टर जेवायला उठलेले असत. आणि असली पिसाळलेली गाडी घेऊन घाट उतरायचा, तर इस्पितळात दोघांनाही उचलूनच न्यावं लागलं असतं.

"नाहीच जमलं तर माझा ट्रॅक्टर आहे की," तिहोमिर म्हणाले.

"निशपर्यंत? ट्रॅक्टरवरून?"

"लवकर निघा."

तेवढ्यात स्तामेना कॉफी घेऊन बाहेर आली. ट्रे तिने कुमांशेजारच्या स्टुलावर ठेवला, हात पुसले आणि सरळ गाडीचं दार उघडलं.

"सरक. मी बसते आत, तू समोरून बघ. इतके दिवस एकतर आत बसून गिअर टाकतोस, नाहीतर गाडी बंद करून आत डोकं खुपसतोस. गिअरमध्ये असताना आत काय होतं ते बघितलंयस का कधी?"

"तुला दिसतंय कुठे?"

"गाडी जागची हलणार नाहीये ना? मग बघायचंय काय? सहकारी सोसायटीचा ट्रक चालवत होते मी, तू सायकलवरून पडत होतास तेव्हा."

वुकोमानने चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं आणि बाजूला वाकून उभा राहिला. स्तामेनाने गाडी सुरू केली, ब्रेक दाबून धरला, पहिला गिअर टाकला, क्लच हळूच जरासा सोडला.

आणि सबंध इंजिन उठलं! झोपेत कुणी कुशीवर वळावं तसं एका अंगाने वर आलं आणि ॲक्सिलरेटरची तार बरोबर घेऊन गेलं. तार ताणली की रेस, रेस वाढली की इंजिन आणखी वर.

"बंद कर! बंद कर!"

वुकोमानने खाली हात घातला. इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग तिथे नव्हतंच. त्याच्या जागी ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा होता, दुमडलेला, तारेने आवळलेला, आणि आता मधोमध फाटलेला.

त्याने तो तुकडा ओळखला. गेल्या शरदात चटणीच्या मिरच्यांची पोती आणताना माउंटिंग तुटलं आणि कुमांनी रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून हे बसवलं. त्या संध्याकाळी वुकोमानने त्यांच्या नावाने पेला उचलला होता. गावातली निम्मी कुंपणं, पंप आणि पलंग कुमांच्या टायरवरच उभे होते.

त्याचं डोकं सणकलं. दोन आठवडे! नखं काळी, पाठ मोडलेली, बायकोपुढे रोज मान खाली, आणि हे खुर्चीत बसून कार्बोरेटर, कार्बोरेटर! सगळं अगदी ओठांवर आलं.

"काय सापडलं?" तिहोमिर उठून आले, चष्मा सावरून वाकले. "अरे देवा! हे कुण्या गाढवाने करून ठेवलंय?"

वुकोमानने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा नव्हती. म्हातारा खरोखर विसरला होता.

"मी," वुकोमान म्हणाला.

"तू? वाटलंच मला! आणि यात बसवून बायकोला नेणार होतास? लाज कशी वाटत नाही?"

"चुकलं, कूम."

"मला विचारायचंस की रे!"

वुकोमान खुराड्यामागे गेला. तिथे तशाच बनावटीची मोडकी गाडी कोंबड्यांनी भरलेली होती. कोंबड्या हाकलून, गंजलेल्या नटांना शिव्या घालत त्याने तिचं माउंटिंग काढलं. उन्हं कलली तेव्हा ते आपल्या गाडीत घट्ट बसलं होतं. मग पहिला गिअर टाकला. गाडी आवाज न करता फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

"बघ!" तिहोमिर मागून ओरडले. "मी काय सांगत होतो!"

शेजारी बसलेली स्तामेना हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी कूम तो टायर बसवत होते तेव्हा टॉर्च मी धरला होता."

"माहितीये."

"मग?"

वुकोमान काळी नखं पँटला पुसत राहिला. स्तामेनाने त्याच्याकडे पाहिलं, मग मागे वळून पेला उंचावून उभ्या असलेल्या कुमांकडे पाहिलं.

"आत्ता तर मला गाढवं दोन दिसतायत," ती म्हणाली. "सोमवारी डोळा नीट होऊ दे. मग सांगते, खरंच दोन आहेत की एकच."