तव्यावरची शेवटची भाकरी

सकाळी आठ वाजता उज्वलाने सासऱ्यांचा, आबांचा, गमबूट धुवायला उपडा केला आणि आतून वाळलेली भाकरी पडली. मग आणखी तीन. सायखेड्याच्या घरात तव्यावरची शेवटची भाकरी टिप्या कुत्र्याची. मळ्यातून आलेले आबा बूट काढून ती स्वतः टिप्याला भरवायचे. "त्याचा जीव भाकरीवर हाय आबा, तुमच्यावर नाय," उज्वला चिडवायची. चार दिवसांपूर्वी नाशिकला आबांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ते घास घेत नव्हते. इथे टिप्याला भाकरी आता उज्वला द्यायची. टिप्या तिच्या हातचं दूध प्यायचा, भाकरी मात्र तोंडात धरून निघून जायचा. तिने फोन लावला. "आबा, टिप्या तुमच्या बुटात भाकऱ्या साठवतोय." "कुत्री पुरून ठेवत्यातच पोरी," आबा म्हणाले. मग म्हणाले, "बूट धुऊ नको." दुपारी नवऱ्याने दवाखान्यातून कळवलं, आबांनी भाकरी मागितली. अर्धी खाल्ली, अर्धी रुमालात बांधून ठेवलीय.