जप्तीचा माल

पिंजऱ्यातल्या दाण्यांच्या वाटीत खारवलेल्या मुळ्याची फोड.

लोकरी मोज्यात बदकाचं खारं अंडं.

दोन तारांच्या सारंगीच्या पोटात सिगारेट.

चहाच्या थर्मासमध्ये सोया सॉस.

चीनमधल्या थ्येनजिन शहरातल्या एकाच घरात, एकाच आठवड्यात एवढा माल पकडला गेला. चोर एकच, म्हातारा फांग. पोलीसही एकच, त्याची बायको श्यूलान.

पानगळीच्या दिवसांत फांगला झटका आला होता. मेंदूतली एक रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. डावा पाय ओढत का होईना, तो घरी आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मीठ कमी, सिगारेट बंद, रक्तदाब ताब्यात. गोळ्या चुकवायच्या नाहीत. एकदा येऊन गेलेला झटका घर विसरत नाही. त्यातून पहिलं वर्ष फार वाईट." तेव्हापासून श्यूलान दुसऱ्या झटक्याची वाट अडवून बसली होती.

"काय रे म्हाताऱ्या, तुझा चंडोल मुळा कधीपासून खायला लागला?"

"थंडी पडलीये. त्यालाही जिभेला चव लागते."

"आण इकडे."

"इतका माल जप्त करतेस, त्याचं करतेस काय?"

"चोराने चौकशा करू नयेत."

एका सकाळी फांग चंडोलाला घेऊन बागेकडे निघाला. पिंजऱ्याची खोळ विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतला. स्वयंपाकघरात श्यूलान उभ्याउभ्याच खात होती. डाव्या हातात वाफवलेला पाव, उजव्यात जेवायच्या काड्या. बशीत मुळा, अर्धं खारं अंडं, वरून सोया सॉस.

फांगला एवढा आनंद झटक्यानंतर प्रथमच झाला.

"सापडली! पोलीसच माल खातोय!"

"मग काय फेकून देऊ? दुष्काळात झाडाची साल खाल्लीये मी. अन्न टाकणाऱ्यावर वीज पडते." ती हसली.

हसू एकाच गालावर उमटलं. उजव्या हातातल्या काड्या फरशीवर पडल्या.

फांगचाही आनंद तिथेच पडला. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं.

"दोन्ही हात वर कर."

"का? अटक करतोस मला?" तिचे शब्द जिभेवरून घसरत होते.

"कर म्हणतो ना, म्हातारे!"

डावा हात वर राहिला. उजवा हळूहळू खाली आला. फांगने फोनकडे धाव घेतली. ओढता पाय त्या दिवशी ओढला गेला नाही.

दुसरा झटका वर्षाच्या आतच आला. घर तेच, माणूस दुसरं.

वेळेत पोचल्यामुळे ती वाचली. तोंड अजून वाकडं होतं, तरी शुद्धीवर येताच तिने विचारलं, "बशीतलं अंडं?"

"टाकलं."

"टाकलंस? वीज पडेल मेल्या!"

"पडू दे. आपल्या घरात दोनदा पडून झालीये."

फांगला दवाखान्यातून घरी आणलं, त्या संध्याकाळी श्यूलानने रक्तदाब मोजायचं नवं यंत्र विकत आणलं होतं, आधी स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं होतं, आणि आकडा नवऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा आला म्हणून यंत्र बिघडलंय असं सांगून ते दुकानात परत केलं होतं.