मशीनने विचारलं होतं

आर्डिसबाईंना त्यांचे चौदा हजार डॉलर परत मिळाले. शेरीफनं, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखानं, आयोवातल्या आमच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात येऊन, नोटांचे बिटकॉइन करून पाठवणारं मशीन करवतीनं कापलं आणि नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कोर्टानंही तसंच समजून नोटा मशीनवाल्या कंपनीला देऊन टाकल्या.

झालं असं, की एका भामट्यानं शेरीफच्या ऑफिसातून बोलतोय म्हणून बाईंना फोनवर दरडावलं, "कोर्टात ज्युरीच्या सक्तीच्या कामाला आला नाहीत, वॉरंट निघालंय! दंड पंपावरच्या मशीनमध्ये भरा." बाईंनी गारपिटीत फुटलेल्या छपरासाठी ठेवलेल्या नोटा भरायला घेतल्या.

मी काउंटरवरून ओरडलो, "अहो आजी, कोर्टाचा दंड चिप्सच्या शेजारी भरतात का?"

"गप रे, साहेब लाइनवर आहेत!"

कोर्टात कंपनीचा वकील साखर पेरत म्हणाला, "नोटा घेतल्या, तेवढे बिटकॉइन पाठवले. ते भामट्याला गेले, यात आमचा काय दोष? मशीननं पडद्यावर विचारलं होतं, 'तुम्हाला कोणी फसवतंय का?' यांनी 'नाही' दाबलं."

"अहो, फोनवरच्या साहेबांनीच दाबायला लावलं!"

"मशीननं साहेबांना नव्हतं विचारलं, बाई."

आठवड्यात त्याच जागी नवं मशीन आलं. त्याचा पडदा रोज मी पुसतो आणि मग साबणानं हात धुतो. बाईंनी कंपनीला रीतसर अर्ज पाठवलाय:


"तरी माझ्या 'नाही' या उत्तराच्या जागी 'हो' अशी दुरुस्ती करून मिळावी, ही नम्र विनंती."